बाहुली कधी द्यावी हे शिकवणाऱ्या बाईंना

वेंगुर्ले

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

चतुर्थीला चाकरमानी गावी आले की हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात उभा राहतो. अमेरिकेतल्या आत्याने १८ इंची, डोळे मिटणारी, विंचरता येतील असे केस असलेली बाहुली पाठवलेली असते. घरात सहा वर्षांची चेडू असते. आजी म्हणते, आत्ता नको, मोडेल. आई म्हणते, तिच्यासाठीच तर आणलीय. बाहुल्या जपणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही लोक अशा वेळी खोक्यावर छापलेले वय वाचून दाखवत असू. बालवाडीत मुलांचे हात बघण्यात आयुष्य घालवलेल्या तुम्ही आम्हाला त्या आकड्यापलीकडे बघायला शिकवलेत. त्याचे आभार मानायला हे पत्र. तुमची पद्धत इतर घरांनाही वापरता यावी म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

खोक्यावरचा आकडा फुकट नसतो, हे तुम्हीही मानता. १९८६ साली प्लेझंट रोलंड यांनी अमेरिकन गर्ल बाहुल्या सुरू केल्या (१९९८ पासून ती कंपनी मॅटेलकडे आहे). त्यांची १८ इंची बाहुली ८ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी म्हणून विकतात, आणि लहानांसाठी त्यांच्याच छोट्या, सोप्या बाहुल्या वेगळ्या आहेत. तीन वर्षांखालची अट तर पाळायचीच. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जाणारा छोटा तुकडा त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, आणि बाहुलीचा बूट, कानातले, हातातली पर्स हे सगळे त्या नळीत जाते. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. बॅगेतून आलेल्या बाहुलीवर ते बहुधा नसते, तेव्हा घरातल्या मोठ्यानेच सुटे भाग आणि बटणासारखा सेल आहे का ते आधी बघावे. खोक्यावर ‘प्रौढ संग्राहकांसाठी’ असे लिहिले असेल, तर मुलांच्या खेळण्याच्या कसोट्या तिच्यावर झालेल्या नाहीत असेच धरावे.

पण आठ पूर्ण झाली म्हणून बाहुली हाती द्यावी का, याचे उत्तर खोका देत नाही. ते तुमच्या साध्या प्रश्नाने मिळते: बाहुलीचे केस कापले तर परत वाढतील का? ‘वाढतील’ म्हणणाऱ्या मुलाजवळ कात्री आणि बाहुली एकत्र ठेवू नये. चार ते सहा वर्षांची कितीतरी मुले बाहुलीचे केस कापतात. त्यात खोडी नसते, आपले वाढतात तसे तिचेही वाढतील असे त्यांना मनापासून वाटते. दुसरा प्रश्न आंघोळीचा. कापडी धडाची बाहुली न्हाणीघरात नेली की आतला कापूस पाणी पितो. आषाढात तो चार-चार दिवस वाळत नाही, आधी कुबट वास येतो आणि मग शिवणीवर काळे ठिपके. मिटणाऱ्या डोळ्यांत पाणी शिरले तर आतला धातू गंजतो आणि बुबुळाचा रंग जातो. ‘हिला पाणी घालायचे नाही, कारण ती आतून कापडाची आहे’ हे मूल स्वतःच्या शब्दांत सांगू लागले, की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे हातांचे. साध्या कापडी बाहुलीवर पंधरा दिवस बघण्याची तुमची युक्ती आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिला खर्च नाही आणि मुलाला परीक्षा दिल्यासारखे वाटत नाही. एक कापडी बाहुली, एक प्रेसबटणाचा झगा, एक नाडीचा परकर आणि सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी भातुकली. एवढे एका टोपलीत द्यायचे आणि काही न सांगता बघायचे. बाहुली उचलताना हात कुठे जातो? एका हाताला धरून लोंबकळत नेणारे मूल १८ इंची बाहुलीचा खांदा महिन्याभरात सैल करते, कारण तिचे हातपाय आतून इलॅस्टिकच्या दोरीने ओढून बसवलेले असतात. दोरी ताणली की बाहुली उभी राहत नाही. मानेजवळ गाठ दिसली की ती सोडून बघणारे मूलही ओळखून ठेवावे. या बाहुल्यांचे डोके मानेला दोरीनेच बांधलेले असते. गाठ सुटली की डोके हातात येते आणि मूल घाबरते.

संध्याकाळी टोपली कोण भरते हेही बघायचे. पंधरापैकी दहा दिवस न सांगता भरली तर उत्तम. पाच-सहा दिवस भरली तर आणखी दोन-तीन महिने थांबावे. इथे एका गोष्टीत आम्ही तुमच्याहून थोडे सैल आहोत: परीक्षा किंवा शाळेच्या गॅदरिंगच्या दिवसांतली न भरलेली टोपली आम्ही मोजत नाही.

यापेक्षाही मोठी खूण तुम्ही दाखवलीत, ती म्हणजे मोडल्यावर मूल काय करते. भातुकलीतला तांब्या फुटला आणि ते तुकडे घेऊन सांगायला आले, तर ते तयार आहे. पलंगाखाली लपवले, तर तयारी मुलाची कमी पडलेली नसते, आपली कमी पडलेली असते. मागच्या वेळी काही फुटले तेव्हा घरातले काय बोलले, ते त्याच्या लक्षात असते. म्हणून आता विचारायला येणाऱ्यांना आम्हीही उलट विचारतो: शंभर डॉलरच्या वरची ही बाहुली पहिल्याच आठवड्यात डागाळली तर तुम्ही ओरडाल का? हो म्हणाले, तर ती बाहुली अजून त्या घरासाठी नाही. आणि जिचा खोकाही उघडायचा नाही, अशी बाहुली मुलाच्या नावाने कपाटात ठेवून त्याला काचेतून दाखवू नये. मोठ्यांनी ती खुशाल जमवावी, पण स्वतःच्या नावाने.

बिस्क म्हणजे भाजलेल्या, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या डोक्याची बाहुली आम्ही दहा-बारा वर्षांच्या आत सुचवत नाही. सारवलेल्या जमिनीवर ती एखाद वेळी वाचेलही, लादीवर वाचत नाही, आणि फुटलेली कड काचेसारखी कापते.

आता आपल्या हवेचे. कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात हे नसते, म्हणून जरा सविस्तर. बाहुली भाद्रपदात येते आणि भाद्रपदातच खोका उघडावा लागतो, ही आपल्याकडची मोठी अडचण. हवेत ओल असते, घर माणसांनी भरलेले असते, सगळ्या भावंडांचे हात एकाच बाहुलीवर. तुम्ही सुचवलेला दिवाळीचा मुहूर्त म्हणून आम्हाला पटतो. तोवर मूल तीच बाहुली मागत राहिले, तर ती हौस खरी.

मे महिन्यात हात आधी बघायचे. बोंडूचा म्हणजे काजूच्या फळाचा रस, जांभूळ, आमसूल यांचे डाग बाहुलीच्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे अंगाच्या मऊ प्लास्टिकमध्ये शिरतात. फणसाचा चीक खोबरेल लावून काढायचा आणि मग ते तेल साबणाने दोनदा धुवायचे, कारण तेलकट हात केसांना लागले की कृत्रिम धाग्यावर धूळ बसते. याच कारणाने आपली फणी बाहुलीला नको, आणि तेल लावून वेणी तर नकोच. तारेच्या दातांचा स्वच्छ ब्रश घ्यावा, डोळ्यांवर फडके धरून केसांवर पाण्याचा हलका फवारा मारावा, बट मुळाशी धरून टोकाकडून वर विंचरत जावे. इस्त्री किंवा गरम हवा लावली तर धागा वितळून आखडतो. झगा बदलताना केस वर बांधावेत. पाठीवरच्या वेल्क्रोत केस अडकतात आणि मानेवरचा गुंता बहुतेक तिथूनच सुरू होतो. काजळ, कुंकू, टिकली आणि बॉलपेन लांब ठेवावे. सुरंगीचा गजरा मुलीने आपल्या केसांत माळावा, बाहुलीच्या नाही.

गडद लाल-निळा झगा आधी वेगळा धुऊन रंग जातो का बघावा, आणि एरवीही अंगावर महिनोन्‌महिने ठेवू नये. दमट हवेत कापडाचा रंग व्हिनाइलमध्ये उतरतो आणि मग पुसून जात नाही. औषधाच्या दुकानातले ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल डागापुरते लावून उन्हात ठेवले तर काही डाग हळूहळू फिके होतात. पण ते मोठ्यांनीच करावे, दर तासाला बघावे, आणि गालाच्या-ओठांच्या रंगाजवळ अजिबात लावू नये, तोही उडतो. बार्बीसारख्या बाहुलीच्या कानातले धातूचे असेल तर काढून ठेवावे. तांब्याच्या अंशाने कानाभोवती हिरवा डाग पसरतो.

पावसाळ्यात ठेवायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, तरी नवीन वाचणाऱ्यांसाठी लिहितो. हवाबंद प्लास्टिकची पिशवी नको, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडते. जुने, पुष्कळ धुतलेले पांढरे धोतर गुंडाळावे, शेजारी वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत, आणि ओल शोषणाऱ्या नारिंगी सिलिका जेलच्या दोन पुड्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा. निळे जेल घेऊ नये, त्यात कोबाल्ट असते. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असलेल्या दिवशी, बाहुली तासभर सावलीत वाऱ्याला ठेवावी.

हे काम मुलाकडे द्यावे, असे तुम्ही सांगितलेत. पहिला महिना फक्त रविवारी, मोठे माणूस शेजारी, चटईवर. दुसऱ्या महिन्यात मूल स्वतः काढेल, स्वतः धोतरात गुंडाळून ठेवेल. तिसऱ्यापासून बाहुली त्याची, आणि तिला पडवीत न्यायची की नाही हेही तेच ठरवेल. या तिसऱ्या महिन्यात मोठ्यांनी हात आखडते घ्यायला तुमच्यामुळे शिकलो, बाई. आम्ही जपणारी माणसे, आम्हाला ते सगळ्यांत अवघड जाते. भातुकलीत भात सांडतो, बाहुला-बाहुलीच्या लग्नात अक्षता केसांत अडकतात. त्या विंचरून निघतात.

चतुर्थीआधी एकदा येऊन जातो. तुमच्या टोपलीतल्या कापडी बाहुल्यांच्या झग्यांची प्रेसबटणे सुटली आहेत, ती बसवून देऊ. बटणे आणि दोरा आम्हीच आणू.

आपले नम्र,
बाहुल्या जपणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही सगळे