खिशातल्या चाकूबद्दल सुहासला पत्र

गिरगाव, मुंबई
८ जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

खिशात ठेवायला लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू ओपिनेल नंबर ८ घेऊ की व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन, म्हणजे बरीच हत्यारं असलेला लाल स्विस चाकू, असं तू विचारलंस. उत्तर आधी देतो, कारणं मागून. तू रोज लोकलने फोर्टला जातोस, चाकू पँटच्या खिशात नाहीतर डब्याच्या पिशवीत राहणार, आणि सप्टेंबर सरेपर्यंत तो ओली छत्री, घामाचा रुमाल यांच्या शेजारी असणार. त्यासाठी स्पार्टन घे. कापायला ओपिनेल जास्त चांगला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याची जागा ओट्यावर किंवा रविवारच्या ट्रेकच्या सॅकमध्ये. तोच घ्यायचा मोह झाला तर स्टेनलेस पात्याचा घे, कार्बनचा (गंजणाऱ्या साध्या पोलादाचा) नको.

आता ओपिनेलकडे जरा थांबून बघू, कारण सगळा निर्णय त्याच्या मुठीवर ठरतो. नंबर ८चं पातं ८.५ सेंटिमीटर, बंद चाकू साधारण ११ सेंटिमीटर, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. बीचच्या लाकडाची एक गोलसर मूठ, तिला एक चीर, चिरेत पातं, आरपार एक खीळ आणि वर फिरणारी कडी. बस्स, एवढाच चाकू. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय भागात बनवला आणि कडी १९५५ मध्ये आली. आत स्प्रिंग नाही. पातं लाकडाच्या घट्टपणावर अडून राहतं आणि उघडल्यावर कडी फिरवली की मिटायचं बंद होतं.

म्हणूनच मुंबईत अडचण येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की लाकूड पाणी ओढतं आणि आडवं फुगतं. चीर आवळली की पातं चिमटीत सापडल्यासारखं बसतं. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं तर नख तुटेल, पातं हलणार नाही. फ्रान्समधले लोक अशा वेळी कडी सोडवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटतात, म्हणजे पातं बोटाने धरण्याइतकं बाहेर येतं. युक्ती खरी आहे, पण लोकलच्या गर्दीत किंवा ऑफिसच्या टेबलावर ती रोज करण्यासारखी नाही. शिवाय डिसेंबरात हवा कोरडी झाली की तोच चाकू सैल होतो.

यावर उपाय आहे. मूठ नवी असतानाच चाकू उघडा ठेवून खिळीच्या जागी दोन्ही बाजूंनी पेट्रोलियम जेली भरायची, हेअर ड्रायरच्या गरम हवेने ती वितळवून लाकडात मुरू द्यायची, वर आलेली पुसायची आणि पुन्हा एकदा तेच. चिरेतलं उघडं लाकूडच पाणी पितं, बाहेरून तर वार्निश असतंच. काही जण वार्निश घासून काढून मूठ जवसाच्या तेलात मुरवतात. तेही चालतं, फक्त तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळव. एवढं करूनही ओपिनेल नळाखाली धरायचा नाही आणि पाण्यात भिजत तर मुळीच टाकायचा नाही. ओल्या फडक्याने पातं पुसायचं, लगेच कोरडं करायचं, मिटण्याआधी थोडा वेळ उघडा ठेवायचा.

कार्बनच्या पात्याला धार पटकन येते आणि ती सुरेख असते, म्हणून जाणकार त्याचं कौतुक करतात. पण लिंबू, कैरी, हापूस, कांदा यांतल्या कशालाही लागलं की ते काळं-निळं पडतं. तो करडा थर वाईट नाही, उलट गंज थोडा अडवतो. वाईट तो तांबडा गंज, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तो न पुसलेल्या पात्यावर एका रात्रीत येतो. सुरुवातीला फळालाही लोखंडाचा वास लागतो. स्टेनलेस ओपिनेलमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, ही सगळी कटकट तिथेच मिटते. धारेत जो फरक पडतो तो पेरू कापणाऱ्या हाताला कळत नाही.

ओपिनेल कापतो चांगला, त्याचं कारण पोलादाइतकंच पात्याच्या आकारात आहे. पातं रुंद आहे, पाठीकडून धारेकडे सलग निमुळतं होत जातं आणि धारेमागे पातळ आहे. म्हणून सफरचंद चिरताना पाचर ठोकल्यासारखं फाटत नाही, फोड सरळ निघते. स्पार्टनचं पातं अरुंद, जेमतेम ७ सेंटिमीटरचं. मोठं कलिंगड, पाव, टोमॅटोच्या पातळ चकत्या यांत ते कमी पडतं. संत्रं, चिकू, आंबा, पाकिटं, सुतळी, खोक्यावरची चिकटपट्टी, केबल टाय यांना पुरून उरतं, आणि ऑफिसात तुला रोज हेच लागणार.

स्पार्टन मिटल्यावर ९.१ सेंटिमीटर, वजन ६० ग्रॅमच्या आत-बाहेर. मोठं पातं, लहान पातं, डबा उघडायचं हत्यार (त्याच्या टोकाला छोटा स्क्रू ड्रायव्हर), बाटलीचं ओपनर (टोकाला मोठा स्क्रू ड्रायव्हर), मागे बुचाचा स्क्रू आणि आरी, शिवाय मुठीत खोचलेला चिमटा आणि दातकोरणं. लहान पातं कशाला, असं वाटेल, पण तेच जास्त उपयोगी ठरतं: चिकटपट्टी आणि पुठ्ठ्याला लहान पातं, खाण्याला मोठं, अशी पहिल्या दिवसापासून वाटणी कर. पुठ्ठा धार फार लवकर खातो, आणि चिकटपट्टीचा गोंद लागलेल्या पात्याने फळ चिरायला नको. कात्री हवी असेल तर स्पार्टनऐवजी क्लायंबर बघ. मुठीची लांबी तीच, जाडी थोडी जास्त, आणि ती कात्री खरोखर कापते.

स्पार्टनला लॉक नाही, याची तुला काळजी वाटते, ती रास्त आहे. पाठीची स्प्रिंग पातं उघडं धरते, पण पाठीवर दाब आला की ते बोटांवर मिटतं. म्हणून त्याने फक्त कापायचं, धार पुढे आणि दाब धारेच्याच दिशेने. टोक खुपसणं, भोक पाडणं, पातं पिळून काही उचकटणं, यांतलं काहीही नाही. पट्ट्याला भोक पाडायला आरी आहे. ती मुठीच्या मध्यातून काटकोनात उघडते, त्यामुळे तळव्याचा जोर सरळ तिच्या टोकावर जातो. पात्याचं टोक स्क्रू फिरवायला वापरलं की तुटतंच, आणि तुटलेलं टोक घासून परत आणायला पात्याचे काही मिलिमीटर जातात.

ओपिनेलची कडी जास्त सुरक्षित खरी, पण पूर्ण फिरवली तरच. अर्धवट फिरलेली कडी जोर आल्यावर सरकते, आणि आत स्प्रिंगचा आधार नसल्याने पातं एकदम मिटतं. कडी अडेपर्यंत फिरवायची, मग पात्याची पाठ टेबलावर दाबून बघायची. कडी ढिली पडली तर ती काढून तिची दोन टोकं पकडीने किंचित जवळ आणतात, पुन्हा घट्ट होते.

आता धार. दोन्हींची लावायची रीत एकच. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) असतं, म्हणजे फार कडक नाही. ते लवकर बोथट होतं, पण पाच मिनिटांत पुन्हा लागतं, आणि दगडावर तासन्‌तास घासायला नको असलेल्या माणसाला हेच सोयीचं. १००० ग्रिटचा एक दगड आणि जमल्यास ३००० चा एक (आकडा मोठा तसा दगड बारीक), एवढं बस होतं. दगड ओला कर, खाली ओलं फडकं घाल म्हणजे सरकणार नाही. कोन कसा धरायचा, यातच सगळे अडतात. सोपं माप सांगतो: पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश उंचीवर धर, कोन २० अंशांच्या जवळ येतो. ओपिनेलचं पातं रुंद, म्हणून पाठ जास्त उचलायची. स्पार्टनचं अरुंद, म्हणून कमी. तीच उंची दोघांना लावली की एकाची धार जाड होते आणि मग लोक पोलादाला दोष देतात.

एका बाजूने मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने घासत राहा. दुसऱ्या बाजूवर अंगठा धारेकडे आडवा फिरवून बघ. काठावर धातूची बारीक कड बोटाला अडते का? ती पूर्ण लांबीभर जाणवली म्हणजे पहिली बाजू झाली. कड आली नसेल तर तू धारेपर्यंत पोहोचलाच नाहीस, आणि तिथे थांबलास तर चाकू बोथटच राहणार. मग दुसरी बाजू, तशीच. शेवटी आलटून पालटून, प्रत्येक वेळी दाब कमी करत, कड निघून जाईपर्यंत. दगड हाताशी नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची न चकाकणारी कड चालते. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर मात्र देऊ नकोस. कोरडं वेगवान चाक पातळ धार तापवतं, तिचा कडकपणा उतरतो आणि पातं अकारण झिजतं.

स्पार्टनची निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून, पाण्याखालीच सगळी हत्यारं उघड-मीट कर. खिशातली धूळ आणि आंब्याचा रस स्प्रिंगपाशी साचतो, त्यानेच चाकू कडक होतो. नीट वाळव आणि प्रत्येक सांध्यात एक-एक थेंब तेल सोड. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याला वास नाही आणि फळाला लागलं तरी बिघडत नाही.

कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती वापराच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तुझा चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी चाकू बाळगायला बंदी करणारे आदेश काढू शकतात. तसा आदेश लागू असेल किंवा मोर्चाच्या, मिरवणुकीच्या गर्दीत जायचं असेल तर चाकू घरी ठेव. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाक. मेट्रोच्या तपासणीतही अडवतील असं धरूनच चाल. लॉक नसलेला, लाल मुठीचा, बुचाचा स्क्रू असलेला चाकू बघणाऱ्याला हत्यार वाटत नाही, हाही स्पार्टनचा फायदा धर.

दुकानात घेताना पातं उघडून बुडाशी बघ: व्हिक्टोरिनॉक्सचं नाव आणि स्विस मेड असं कोरलेलं असतं. ओपिनेलच्या पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण असते. मग स्पार्टन मिटून उजेडासमोर धर, मुठीतल्या पत्र्यांच्या मधून उजेड दिसता कामा नये. उघडताना आणि मिटताना स्प्रिंगचा स्पष्ट टक् असा आवाज यायला हवा, आणि उघडं पातं डावी-उजवीकडे हलता कामा नये. शेवटी पातं मिटताना धार स्प्रिंगला टेकते का ते बघ. टेकत असेल तर धारेवर एक चकाकता ठिपका दिसतो, असा नग परत कर.

दगड घ्यायला नागदेवी स्ट्रीटला जा, शनिवारी सकाळी गर्दी कमी असते. येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, मीही येतो. दगड सपाट आहे का हे दुकानातच पट्टी ठेवून बघावं लागतं, आणि ती पट्टी माझ्याकडे आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल