पावणेदोन फेऱ्यांची चिठ्ठी

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेली एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवरची ती चार जाड चाकांची गाडी, परत नेताना तोंडी आभार मानले, पण ते पुरेसे वाटले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

गाडी तुमच्याकडे आली तेव्हाची लक्षणं लपण्यासारखी नव्हती. प्लगवर कोरडी काळी काजळी, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. इंजिन थंड असताना बरं चालायचं आणि तापलं की गुदमरायचं. मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, हे तुमच्याआधीच्या तिघांनीही सांगितलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पेट्रोल जास्त येतंय ते नेमकं कुठून, हे शोधायचे कष्ट मात्र एकानेही घेतले नाहीत.

पहिल्याने नवा प्लग लावला. काजळी मिक्श्चरमुळे धरते, त्यामुळे तो प्लगही आठवड्यात काळा झाला. दुसऱ्याने हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकांची पितळी तोंडं, साफ करायला त्यांत तार घातली. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात आणि पितळ मऊ असतं. तार फिरली की भोक मोठं होतं, पण जेटवरचा आकडा तोच राहतो. पुढचा माणूस तो आकडा वाचून फसतो. तिसऱ्याने मिक्श्चर स्क्रू बाहेर काढत नेला, हवा वाढेल या समजुतीने. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर ते बरोबर. या कार्ब्युरेटरला तो इंजिनच्या बाजूला आहे. तिथे बाहेर फिरवलं की पेट्रोल वाढतं. म्हणजे त्याने दिलेला प्रत्येक फेरा आजार वाढवणारा होता. याचा राग अजून जात नाही. चूक कुणाचीही होते, पण काय बदललं हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी कागद मागितलात. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत फिरवत, टेकेपर्यंतचे फेरे मोजलेत आणि लिहिलंत : ‘आला तेव्हा ३.’ त्याखाली मेन जेटचा आणि मंद चालीसाठीच्या पायलट जेटचा आकडा, थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या निडलची (सुईची) क्लिप कितव्या खाचेत आहे ते. सगळं पूर्ववत करता येईल एवढी नोंद झाल्यावरच पहिला स्क्रू सुटला. या पत्राचं खरं कारण ती चिठ्ठी आहे. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावताना त्याची आधीची अवस्था जपून ठेवावी, एवढा साधा सभ्यपणा किती दुर्मीळ झालाय! हुशार हात पुष्कळ भेटतात. पण ‘मी इथे काय केलं’ हे उघड सांगणारे हात भेटले की माणसांवरचा विश्वास परत बसतो.

पुढचा तपास सगळ्यांनी वाचावा असा आहे. एअर फिल्टरचा फोम स्वच्छ निघाला, तेलाने चिंब झालेला नव्हता, म्हणजे हवा अडत नव्हती. मग गाडी सपाटीवर घेऊन फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीच्या, ड्रेनला पारदर्शक नळी लावलीत, ती कार्ब्युरेटरच्या कडेने वर धरलीत आणि ड्रेन स्क्रू सैल केलात. नळीत पेट्रोल योग्य उंचीवर थांबलं आणि थांबूनच राहिलं. म्हणजे पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची ठीक, वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारा निडल व्हॉल्व्हही गळत नाही. चेंबर न उघडता दोन संशयित सुटले.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलंत. आवाज जड झाला. सरळ केलं, थोडा सुटला. इतके दिवस कुणी हँडल वळवून आवाज ऐकलाच नव्हता! थंड इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या चोकची केबल इतकी ताणलेली होती की चोक बंद केला तरी त्याचा प्लंजर (ती वाट बंद करणारा दट्ट्या) जागेवर बसत नव्हता, आणि हँडल वळलं की आणखी उचलला जात होता. बाहेर काढल्यावर प्लंजरच्या टोकाचं रबर कडक होऊन त्यावर गोल खाच पडलेली दिसली. चोकची पेट्रोलची वाट वेगळी असते, मेन आणि पायलट जेटला वगळून जाणारी. त्यामुळे जेट लहान करा, स्क्रू फिरवा, ती गळती तिथून बंद होणंच शक्य नव्हतं. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतं म्हणून ते बरं चालायचं, तापल्यावर तेच पेट्रोल नडायचं. सगळी लक्षणं एका टोपणाएवढ्या रबराशी येऊन जुळली.

नवा प्लंजर, केबलला दोन मिलिमीटर ढिलाई, तारेने बिघडलेल्या जेटच्या जागी त्याच आकड्याचे नवे जेट. मग इंजिन पूर्ण तापवून मिक्श्चर स्क्रू आत-बाहेर करत, आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल, सर्वांत जास्त आणि सर्वांत गुळगुळीत असेल तिथे थांबलात. जुने जेट कागदात बांधून परत दिलेत, तेही न मागता.

आणि डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढून वास घ्यायला लावलात. तेलाची पातळी खुणेच्या वर होती, वास पेट्रोलचा. जळून न गेलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करतं आणि बेअरिंगा खातं. कार्ब्युरेटर दुरुस्त करून तेच तेल ठेवलं असतं तर इंजिन आतून झिजत राहिलं असतं. आधीच्या तिघांपैकी कुणी डिपस्टिकला हातही लावला नव्हता.

तेल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलले. नवा प्लग चढावर लोड देऊन चालवल्यानंतर काढून पाहिला. फिकट तपकिरी आहे, काजळीचा डाग नाही.

तुमची चिठ्ठी सीटखाली पारदर्शक टेपने चिकटवलेली आहे. ‘आला तेव्हा ३, ठेवला पावणेदोन. चोक केबल तपासत राहा.’ त्याखाली आता तेल बदलल्याची तारीख लिहिली आहे, आणि पुढच्या नोंदींसाठी जागा सोडली आहे.

आपला कृतज्ञ,
त्या एटीव्हीचा मालक