क्षारपड जमिनीत पाया घालण्यापूर्वी सल्फेट तपासा

मा. संपादक,

मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या तालुक्यांतील क्षारपड जमिनींचा विषय निघाला की चर्चा उसाच्या घटत्या उत्पादनापाशी आणि निचऱ्याच्या योजनांपाशी थांबते. त्याच जमिनीत आपण घरांचे पाये घालतो, शाळाखोल्या आणि पाण्याच्या टाक्या बांधतो, ओढ्यांवर मोऱ्या टाकतो. पण त्या मातीतले क्षार काँक्रीटचे काय करतात, हा प्रश्न अंदाजपत्रक करताना फारसा कोणी विचारत नाही. या भागात बांधकामाचे आराखडे करणारा स्थापत्य अभियंता म्हणून मला ही उणीव गंभीर वाटते, म्हणून हे पत्र.

या जमिनींतील क्षार म्हणजे मुख्यतः सोडिअम, कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांची क्लोराइडे व सल्फेटे. क्लोराइडामुळे सळई गंजते, हे आता बऱ्याच गवंड्यांनाही ठाऊक आहे. सल्फेटाचा मारा मात्र थेट सिमेंटवर होतो. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून काँक्रीटला बळ देणाऱ्या घटकांबरोबर कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनेटयुक्त संयुगेही तयार होतात. भूजलातील सल्फेट सूक्ष्म छिद्रांतून आत शिरले की कॅल्शिअम हायड्रॉक्साइडापासून जिप्सम बनते आणि पुढे ॲल्युमिनेटाशी संयोग होऊन एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात. हेच स्फटिक काँक्रीट ओले असताना तयार झाले तर काही बिघडत नाही, किंबहुना सिमेंट लगेच आवळू नये म्हणून कारखान्यातच त्यात थोडे जिप्सम दळलेले असते. परंतु काँक्रीट कठीण झाल्यानंतर त्यांना वाढायला जागा उरत नाही आणि त्यांच्या दाबाने कडा व कोपरे आधी फुटतात, मग भेगा आत जातात आणि त्या भेगांतून आणखी खारे पाणी शिरते. मॅग्नेशिअम सल्फेट तर काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या सिलिकेटावरच घाला घालते, आणि असे काँक्रीट हळूहळू मऊ पडून त्याचे थर सुटू लागतात.

हे नुकसान अनेकदा जमिनीच्या किंचित वर, जोत्याच्या पट्ट्यात दिसते, कारण खालून चढलेले पाणी तिथे वाळते आणि क्षार मागे राहून साठत जातात. लोक त्याला लोणा म्हणतात आणि त्यावर नवा गिलावा चढवतात, त्यामुळे आतली ओल आणि क्षार जागच्या जागी राहतात. प्रत्येक भेग सल्फेटाची असते असे मात्र मी म्हणत नाही. सळईच्या रेषेत धावणारी आणि तांबूस डाग असलेली भेग बहुधा गंजाची असते, आणि दोन्ही दोष एकाच खांबात असू शकतात.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. चोपण, म्हणजे सोडिअम वाढलेली जमीन सुधारण्यासाठी शेतकरी जिप्सम टाकतात. त्यातले कॅल्शिअम मातीच्या कणांवरच्या सोडिअमची जागा घेते आणि सुटलेले सोडिअम सल्फेटाच्या रूपात निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. शेतीच्या दृष्टीने हा उपाय योग्यच आहे आणि तो थांबवावा असे मी सुचवत नाही. परंतु ते पाणी ज्या काँक्रीटच्या चेंबरांतून, चरांच्या अस्तरातून आणि मोऱ्यांखालून वाहते, त्यांचे काँक्रीट साध्या जमिनीतल्या कामाप्रमाणेच ठरवणे मला धोक्याचे वाटते.

यावरचा मार्ग नवा शोधायचा नाही. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात मातीतील आणि भूजलातील सल्फेटानुसार पाच वर्ग दिलेले आहेत. सल्फर ट्रायऑक्साइडच्या हिशेबाने मातीत ०.२ टक्क्यांहून कमी आणि भूजलात लिटरला ३०० मिलिग्रॅमहून कमी सल्फेट असेल तर तो सर्वांत सौम्य वर्ग. मातीत २ टक्क्यांहून किंवा पाण्यात लिटरला ५ ग्रॅमहून अधिक असेल तर सर्वांत तीव्र, आणि तिथे घनमीटरला किमान ४०० किलो सल्फेटरोधक सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पर्यंत आणि वर संरक्षक लेपही सांगितला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात बाजारात सहज मिळणारे, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेले पीपीसी सिमेंटही, प्रमाण पाळले तर, चालते. आपल्याकडे ग्राहक अभिमानाने ५३ ग्रेड मागतो. पण तो आकडा २८ दिवसांच्या ताकदीचा आहे, सल्फेटापासून संरक्षणाची हमी त्यात नाही.

सल्फेटरोधक सिमेंटची पोती आणली की काम झाले, असेही नाही. या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शिअम ॲल्युमिनेट ५ टक्क्यांपर्यंतच ठेवलेले असते, आणि क्लोराइडाला बांधून ठेवणारा घटकही हाच असल्यामुळे तो कमी असला की सळईचे संरक्षण कमी होते. जिथे क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही आहेत, आणि आपल्या क्षारपड पट्ट्यात ती शक्यता मोठी आहे, तिथे हे मानक ५ ते ८ टक्के ॲल्युमिनेटाचे साधे पोर्टलँड सिमेंट किंवा ५० टक्क्यांहून अधिक स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेले सिमेंट सुचवते. म्हणूनच चाचणीशिवाय निर्णय घेता येत नाही. निर्णय कोणताही असो, काँक्रीट घट्ट असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मिश्रण सैल करण्यासाठी ओतलेली पाण्याची जादा बादली आणि खाऱ्या बोअरचे पाणी सर्व काळजी वाया घालवतात.

शेतकऱ्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा, नोंदलेली असते. ती जास्त असेल तर बांधकामापूर्वी स्वतंत्र चाचणी करायलाच हवी, एवढा इशारा तीतून मिळतो. मात्र तो नमुना वरच्या वीतभर थरातला असतो आणि पत्रिकेतील गंधकाचा आकडा पिकाला मिळणाऱ्या गंधकाचा असतो, त्यामुळे पायासाठी तो पुरेसा नाही. बेरियम क्लोराइड वापरून करायची सल्फेटाची चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज होण्याजोगी आहे आणि इमारतीच्या खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ आहे. जिल्हा परिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने क्षारपड गावांतील प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात ती बंधनकारक करावी आणि घरकुलांसाठी गावनिहाय निकाल ग्रामपंचायतीत लावावेत, अशी माझी विनंती आहे. मातीचा नमुना पायाच्या तळाच्या खोलीवरून घ्यावा. भूजलाचा नमुना पावसाळा संपताना, पातळी सर्वांत वर असताना, आणि पुन्हा उन्हाळ्यात असा दोनदा घ्यावा, आणि दोहोंपैकी जो आकडा मोठा येईल त्यावर सिमेंट व मिश्रण ठरवावे.

— एक स्थापत्य अभियंता, मिरज