गोंदाच्या आधीचं काम शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

कार्बन फायबरचे आमचे जोड हल्ली टिकतात. त्याचं श्रेय एपॉक्सी या गोंदापेक्षा तुमच्याकडे जास्त जातं, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

तुमचा क्रम ठरलेला: आधी सॉल्व्हंटने पुसायचं, मग घासायचं, मग पुन्हा पुसायचं. पहिलं पुसणं अनेकांना उगाच वाटतं. पण मोल्डमधून आलेल्या भागावर रिलीज एजंटचा (भाग साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या रसायनाचा) अंश असतो आणि तसंच घासलं तर तो ओरखड्यांत आणखी पसरतो, हे तुम्ही समजावलंत. नियम सगळेच सांगतात, कारण सांगायला फारसं कुणी थांबत नाही. सॉल्व्हंट उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं, नाहीतर विरघळलेली घाण तिथेच परत बसते, हेही तुमचंच. घासताना चकाकी गेली की थांबायचं. उत्साहात तंतूंपर्यंत पोचणाऱ्यांना तुम्ही वेळीच अडवलंत. (मास्क न लावणाऱ्यांना जरा जोरात.)

पील प्लाय (भाग बनवताना वर बसवलेलं, नंतर काढायचं कापड) सोलली की पृष्ठभाग तयार, हा समजही तुम्हीच मोडलात. खरखरीत दिसलं तरी त्या कापडावरचं रसायन मागे राहिलेलं असू शकतं.

मग पाण्याची चाचणी. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर, एपॉक्सीचा त्याहून बराच कमी. म्हणजे जिथे पाणी सलग पसरतं, तिथे एपॉक्सीही पसरणार. थेंब जमले तर पुन्हा पहिल्यापासून. पण चाचणी पास झाली म्हणजे जोड पक्का झाला असं नाही, हे तुम्ही दरवेळी बजावायचात. लॅमिनेट, म्हणजे थरांचा तो भाग, नीट वाळवल्याशिवाय तर पुढे जाऊच द्यायचा नाहीत.

सगळ्यांत मोलाची तुमची नमुन्याची पट्टी. अल्ट्रासाउंडमध्ये पोकळी दिसते. पण नुसताच टेकलेला, पकड नसलेला जोड त्यात चांगल्यासारखाच दिसू शकतो. म्हणून खऱ्या भागासोबत त्याच फडक्याने, त्याच एपॉक्सीने केलेली पट्टी तोडून बघायची. गोंद मधून फाटून दोन्ही बाजूंना राहिला तर ठीक. एका बाजूने स्वच्छ सुटला, तर ताकदीचा आकडा कितीही चांगला येवो, तुम्ही तो मानला नाहीत.

परवा एका नव्या मुलीने विचारलं, ॲल्युमिनियमला जोडताना मध्ये काचतंतूचा थर कशाला? कार्बन लागून असला की ॲल्युमिनियम गंजतं, हे मला चटकन सांगता आलं ते तुमच्यामुळे. तिचा पुढचा प्रश्न प्लाझ्माने पृष्ठभाग तयार करण्याबद्दल होता. तो तुमच्याकडे पाठवतोय.

तुमचा विद्यार्थी