पगार तिचा, पण ओटीपी कोणाच्या मोबाइलवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कौटुंबिक हिंसाचार म्हटले की मारहाणच डोळ्यांपुढे येते. महिलांच्या संरक्षणासाठी झालेला २००५ चा कायदा मात्र आर्थिक छळालाही हिंसाचारच मानतो. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन ताब्यात ठेवणे, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे, हे सारे त्याच्या व्याख्येत येते. तरीही चांगल्या शिकलेल्या, कमावत्या स्त्रियांनासुद्धा आपल्या घरात हेच चालले आहे, हे उमगत नाही. कारण ‘तुला कशाला ती कटकट, मी बघतो ना’ अशा काळजीच्या सुरातच त्याची सुरुवात होते.

मी कोथरूडमधील एका बँक शाखेत काम करीत असताना हिंजवडीत नोकरीला असलेल्या एक खातेदार पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. पगार जमा झाला, की दुसऱ्याच दिवशी जुजबी रक्कम ठेवून बाकी सगळी पतीच्या खात्यात वळती झालेली दिसत होती. शिवाय एका वैयक्तिक कर्जाचा हप्ता कापला जात होता, ज्याची त्यांना कल्पनाच नव्हती. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा असल्याने ओटीपी आणि बँकेचे सगळे संदेश तिकडेच जात होते. खाते नावापुरतेच त्यांचे होते.

म्हणून प्रत्येकीने पहिल्यांदा हा क्रमांक तपासावा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. आपल्या नावावर असलेले, पण आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसते. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवू नयेत. गृहकर्जात सहकर्जदार म्हणून सही करताना फ्लॅटच्या करारनाम्यात आणि इंडेक्स-टूवर (दस्त नोंदणीच्या उताऱ्यावर) आपले नाव आहे की नाही, हे आधी पाहावे. हप्त्यांची जबाबदारी दोघांची आणि फ्लॅट मात्र एकाच्याच नावावर, अशी प्रकरणे पुण्यात नवी नाहीत. दागिन्यांच्या पावत्या व खातेउतारे यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात. मात्र घरात मारहाणीची भीती असेल, तर मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड बदलण्याआधी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा या कायद्यानुसार नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलावे, कारण पैशावरची पकड सुटते आहे असे दिसले की अशी माणसे चवताळतात.

दंडाधिकारी या कायद्यानुसार समोरच्याला बँक खाते व लॉकर वापरण्यास मनाई करू शकतात आणि निर्वाहाची रक्कमही ठरवून देऊ शकतात. वकिलाच्या खर्चाची धास्ती असलेल्यांनी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. (पुरुषांचा व वृद्ध आईवडिलांचाही असा छळ होतो, पण त्यांचे कायदेशीर मार्ग बरेचसे वेगळे असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही.)

बँकांकडूनही एक अपेक्षा आहे. पती अर्ज भरतो, पत्नी खुणेच्या जागी सही करते आणि आम्ही कर्मचारी पुढचा टोकन क्रमांक पुकारतो, ही पद्धत बदलायला हवी. खातेदार स्त्रीचा मोबाइल क्रमांक तिच्याच तोंडून विचारून घ्यावा, आणि कर्ज मंजूर करण्यापूर्वी तिच्याशी पाच मिनिटे एकटीशी बोलावे.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे