‘पालक उदासीन’ हा शेरा कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या समान संधीचा विषय निघाला की धोरण आणि निधी यांवर बोलणं होतं. पंचवीसेक वर्षं शिकवल्यावर माझं लक्ष जातं ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या साध्या कागदांकडे. वेळापत्रक, तुकड्यांची वाटणी, पालकसभेची सूचना.

पालकसभेचंच घ्या. आमची सभा कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. जे येत नसत त्यांच्या नावापुढे मी वर्षानुवर्षं ‘पालक उदासीन’ असा शेरा मारत आले. एकदा सभा आटोपल्यावर तासाभराने एक बाई धापा टाकत आल्या. हातात चार घड्या घातलेली सूचना. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या आणि ‘बाई, यात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा,’ म्हणाल्या. त्यांच्याही नावापुढे मी तोच शेरा मारला होता, तोही शाईने. पुढे नव्या मुख्याध्यापकांनी सभा संध्याकाळी ठेवली आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना निरोप त्यांच्या बोलीत, फोनवरून द्यायला लावला. स्टाफरूममध्ये कुरकुर झाली, त्यात मीही होते. पण माझे बरेचसे ‘उदासीन’ पालक पुढच्याच सभेला समोर बसलेले दिसले.

तुकड्यांचं दुखणं याहून खोल आहे. अनुभवी शिक्षक ‘हुशार’ तुकडीला आणि कालपरवा लागलेला ‘ढ’ म्हणवल्या जाणाऱ्यांना, ही वाटणी कुठल्याही नियमात नाही, केवळ वहिवाट. ती मोडायला सरकारी आदेश लागत नाही. मुख्याध्यापकांना चार ज्येष्ठांची नाराजी तेवढी पत्करावी लागते.

‘घरीच वातावरण नाही, शाळा काय करणार?’ असं म्हणणारे अमेरिकेतल्या शाळांमधल्या समान संधीवरच्या 1966च्या कोलमन अहवालाचा आधार घेतात. मुलांच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो, हे त्यात आहेच. पण शाळा चांगली की वाईट याचा परिणाम वंचित गटांतल्या मुलांवर जास्त होतो, हेही त्याच अहवालात आहे आणि नेमकं तेच सोयीस्कर विसरलं जातं. ज्याच्या घरी शिकवायला कुणी नाही, त्याला शाळेचाच आधार. मग उत्तम शिक्षक आधी कुणाला द्यायचे?

मुख्याध्यापकांनी हजेरीपट, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची नावं आणि स्नेहसंमेलनात निवडलेल्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून बघावी. गैरहजर राहणारी आणि वर्गाबाहेर काढलेली मुलं तीच ती, आणि संमेलनाच्या यादीत मात्र ती नाहीत, असं दिसलं तर त्या मुलांच्या घरी फोन करावा, आणि पहिला फोन तक्रारीचा नसावा. एवढ्या-तेवढ्यासाठी घरी प्रिंटर लागेल असे प्रकल्पही बंद करावेत, ते बहुतेक वेळा आईवडीलच करतात.

आणि तो शेऱ्याचा रकाना. ‘पालक उदासीन’ लिहिण्याआधी शाळेने त्यांना कधी, किती वाजता आणि कोणत्या भाषेत बोलावलं होतं, हे शिक्षकांना त्यात लिहायला लावावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका