नवख्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धांच्या निकालांच्या बातम्या आपण आवर्जून छापता आणि त्या वाचताना विजेत्यांचे मनापासून कौतुक वाटते. हे पत्र मात्र एकदाच व्यासपीठावर उभे राहून पुन्हा तिकडे न फिरकलेल्या मुलांविषयी आहे.

मी बरीच वर्षे शाळेचा संघ घेऊन वादविवाद स्पर्धांना जाते. एका आंतरशालेय स्पर्धेत आमच्या सातवीतल्या विद्यार्थिनीची गाठ पहिल्याच फेरीत दहावीतल्या मुरलेल्या वक्त्याशी पडली. तिने चार वाक्ये म्हटली असतील-नसतील, तोच समोरून एक साधा प्रश्न आला आणि पाठ केलेल्या भाषणाचा धागा सुटला. हातातला कागद घामाने ओला होऊन शाई फुटली होती. घंटा वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली. निकालात गुण कळले, पण कुठे कमी पडलो हे सांगायला परीक्षक थांबलेच नव्हते. त्यानंतर वर्षभर तिने कशातही नाव दिले नाही. भाषण पाठ करून घेतले आणि खंडनाचा सराव घेतला नाही, ही माझी चूक होतीच. परंतु शिकाऊ आणि सराईत मुलांना एकाच फेरीत उभे करणारी रचनाही तितकीच चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९८८ पासून होत असलेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत प्रत्येक मुख्य भाषण आठ मिनिटांचे असते आणि त्याचे पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्षाला मध्येच मुद्दा मांडण्याची मुभा असते. निवडक, तयारीच्या संघांसाठी हे योग्यच आहे. पण हाच साचा बारा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या स्पर्धेला लावला, तर त्याच्या पदरी भीतीखेरीज काय पडणार? नवोदितांसाठी तीन मिनिटांचे भाषण, आधीच जाहीर केलेला विषय, भाषणाच्या मध्ये प्रश्न नाहीत आणि किमान तीन फेऱ्यांची खात्री एवढे पुरेसे आहे. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पहिल्या फेरीत गडबडलेले मूल दुसऱ्या फेरीत सावरते आणि तिसऱ्या फेरीत समोरच्याचे म्हणणे ऐकू लागते. पहिल्या पराभवाबरोबर बाद झालेल्या मुलाला ही संधीच मिळत नाही.

अशी रचना अशक्य नाही. वर्ल्ड स्कॉलर्स कपमध्ये तिघांचा संघ वादविवादाबरोबर लेखन आणि प्रश्नमंजूषेतही उतरतो, आणि वादविवादानंतर दोन्ही संघ एकमेकांना अभिप्राय देतात. १९९१ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या कांगारू गणित स्पर्धेत प्रश्न तीन, चार आणि पाच गुणांच्या चढत्या टप्प्यांत मांडलेले असतात, त्यामुळे साधारण विद्यार्थ्यालाही सुरुवातीचे काही प्रश्न सुटतात आणि पुढच्या प्रश्नांना हात घालण्याचा धीर येतो.

सोप्या गटामुळे दर्जा खालावेल, अशी शंका काही सहकारी घेतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड ही शालेय स्तरावरची अत्यंत कठीण परीक्षा मानली जाते. तिथेही पदक न मिळालेल्या पण सहांपैकी एखाद्या प्रश्नाला सातपैकी सात गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याचा सन्मानपूर्वक उल्लेख केला जातो, आणि त्याने तिची प्रतिष्ठा जराही कमी झालेली नाही.

आयोजकांना माझी विनंती आहे की प्रवेशपत्रिकेत ‘यापूर्वी किती स्पर्धांत भाग घेतला’ हा एक रकाना ठेवावा आणि त्यावरून गट पाडावेत. केवळ इयत्तेवरून नवखेपण ठरत नाही, नववीतले मूलही पहिल्यांदाच बोलत असू शकते. परीक्षकांनी निकालानंतर प्रत्येक नवोदित वक्त्याला दोन मिनिटे द्यावीत आणि त्याचा कोणता मुद्दा पटला व कोणता पुराव्याअभावी लंगडा पडला, ते त्याच्याशी बोलून सांगावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वेळापत्रकात अर्धा तास जास्त धरावा लागतो, इतकेच.

आपली,
एक शालेय शिक्षिका